नेट चालू आहे पण साइट उघडत नाही: घरच्या नेटवर्कवरचा डीएनएसचा घोळ कसा शोधायचा

वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं, राउटरचे दिवे नेहमीसारखे, आधीपासून चालू असलेला व्हिडिओ कॉलसुद्धा व्यवस्थित चाललाय, पण ब्राउझरमध्ये नवीन साइट टाकली की नुसतं गोल गोल फिरत राहतं आणि शेवटी साइट सापडली नाही म्हणून सांगतं. असं झालं की बहुतेक जण राउटर बंद करून चालू करतात, कधी जमतं कधी नाही, मग कुणीतरी सांगतं की डीएनएस बदल, ८.८.८.८ टाक (म्हणजे गुगलचा डीएनएस सर्व्हर वापर). सल्ला चुकीचा नाही, पण पहिल्याच मिनिटाला तो अमलात आणू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण बिघाड लॅपटॉपमध्ये आहे, राउटरमध्ये आहे की नेट देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, हे कळायच्या आधीच सेटिंग बदललं तर त्रास तात्पुरता झाकला जातो आणि परत उपटला की कुठून सुरुवात करायची तेच समजत नाही. आधी जागा शोधायची, मग हात लावायचा.

आधी थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं नुसतं पाठ करावं लागणार नाही

आपण साइटचं नाव टाइप करतो, पण कॉम्प्युटरला जोडणी करायला आयपी अॅड्रेस, म्हणजे आकडा लागतो. नावावरून आकडा काढून देणं हे डीएनएसचं काम. तुमचा लॅपटॉप आधी स्वतःच्या आठवणीत बघतो (त्याला कॅशे म्हणतात), हॉस्ट्स नावाच्या एका फाइलमध्ये बघतो, तिथे नसेल तर राउटरने सांगितलेल्या डीएनएस सर्व्हरला विचारतो. घरात बहुतेक वेळा तो सर्व्हर म्हणजे राउटरच असतो, राउटर तो प्रश्न पुढे कंपनीच्या सर्व्हरकडे ढकलतो, आणि त्यालाही माहीत नसेल तर तो रूट सर्व्हर, मग डॉट कॉम वगैरेचे सर्व्हर, मग त्या साइटचा स्वतःचा सर्व्हर असं विचारत जातो. उत्तरासोबत एक मुदत येते, तिला टीटीएल म्हणतात, ती संपेपर्यंत वाटेतला प्रत्येक जण ते उत्तर लक्षात ठेवतो. त्यामुळे चुकीचं उत्तरसुद्धा काही काळ लक्षात राहू शकतं, हे विसरू नका.

ही पद्धत १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी मांडली. त्याआधी सगळ्या मशीनची नावं आणि आकडे एकाच टेक्स्ट फाइलमध्ये असायचे आणि ती फाइल सगळे जण आपापल्याकडे उतरवून घ्यायचे. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये जी हॉस्ट्स फाइल आहे ती त्याच काळातली, आणि अजूनही तिचा शब्द डीएनएसच्या आधी चालतो. याचा उपयोग पुढे आहे.

म्हणजे बिघाडाच्या जागा चारच: तुमचं डिव्हाइस, राउटर, कंपनीचा डीएनएस सर्व्हर, नाहीतर ती साइट स्वतः. खालचं सगळं या चारांतली एक निवडण्यासाठी आहे. आणि एक, कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाकायचे.

पहिलं काम, एरर नीट वाचा

लोक एरर वाचतच नाहीत, नेट गेलं म्हणतात आणि मोकळे होतात. क्रोममध्ये "डीएनएस प्रोब फिनिश्ड" ने सुरू होणारं काहीही आलं किंवा "नेम नॉट रिझॉल्व्ड" आलं तर गाडी डीएनएसच्या रस्त्यावर आहे असं समजा. "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं तर आकडा सापडलाय, पलीकडचा सर्व्हर जोडणी घेत नाहीये, तिथे डीएनएस बदलून सहसा काही होत नाही. "४०४" आलं तर तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलायसुद्धा, फक्त ते पान तिथे नाही. आणि सर्टिफिकेटबद्दल तक्रार असेल तर आधी लॅपटॉपची तारीख आणि वेळ बघा, ती चुकली की सगळ्याच साइट असुरक्षित म्हणून दाखवायला लागतात.

दुसरं, एकाच डिव्हाइसवर की सगळीकडे

फोन घ्या, त्याचा मोबाइल डेटा बंद करा, फक्त वायफायवर ठेवा आणि तीच साइट उघडा. डेटा बंद करायचं विसरू नका कारण वायफायवर नेट मिळत नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि तुम्हाला वाटतं की फोनवर वायफाय मस्त चाललंय.

फोनवर उघडली आणि लॅपटॉपवर नाही, तर लॅपटॉप बघायचा. दोन्हीकडे नाही तर राउटर किंवा त्याच्या पुढे. मग उलट करा, वायफाय बंद आणि मोबाइल डेटा चालू, आणि तरीही तीच एक साइट उघडत नसेल पण बाकी सगळं उघडत असेल तर बहुतेक ती साइटच पडलीये. मोठ्यांच्या बाबतीतही हे होतं, ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप जगभर काही तास गायब होते, कारण त्यांच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत जाणारे मार्गच इंटरनेटवरून काढले गेले होते. त्या दिवशी घरचा राउटर कितीही वेळा बंद-चालू केला असता तरी काही झालं नसतं.

तिसरं, लाइन जिवंत आहे का

विंडोजमध्ये स्टार्टवर सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा, मॅकवर टर्मिनल. पिंग, स्पेस, १.१.१.१ टाका. पिंग म्हणजे पलीकडचं मशीन उत्तर देतंय का ते विचारणारी कमांड, आणि १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअर कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचा आकडा. उत्तरं यायला लागली की लाइन ठीक (मॅकवर पिंग आपोआप थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबून थांबवा). आता पिंग, स्पेस, एक्झाम्पल डॉट कॉम. आकड्याला उत्तर येतंय आणि नावाला "कुड नॉट फाइंड होस्ट" येतंय, म्हणजे डीएनएसचाच घोळ.

आकड्यालाही उत्तर नसेल तर ८.८.८.८ ला पिंग करून बघा, कुठे कुठे एखादा पत्ता किंवा पिंगच अडवलेला असतो. दोन्ही गप्प असतील तर आयपीकॉन्फिग (मॅकवर आयएफकॉन्फिग) टाकून स्वतःचा अॅड्रेस बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला राउटरकडून अॅड्रेसच मिळालेला नाही, मग डीएनएसपर्यंत जायची गरजच नाही, वायफाय तोडून परत जोडा, राउटर रिस्टार्ट करा. अॅड्रेस १९२.१६८ वगैरेने सुरू होणारा नेहमीचा असेल आणि तरी बाहेर काही जात नसेल तर लाइन गेलीये, कंपनीला फोन.

चौथं, आणि खरं काम इथेच आहे: एनएसलुकअप

ही कमांड विंडोजमध्येही आहे, मॅकमध्येही. घाबरण्यासारखं काही नाही, ती फक्त विचारते आणि सांगते, काही बदलत नाही. एनएसलुकअप, स्पेस, एक्झाम्पल डॉट कॉम टाका आणि जे छापलं जाईल ते सावकाश वाचा.

वरच्या दोन ओळींत सर्व्हर आणि अॅड्रेस असतो. तो साइटचा नसतो, प्रश्न कुणाला विचारला त्याचा असतो, नवीन लोक इथे हमखास गोंधळतात. तिथे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ सारखं दिसलं तर राउटरला विचारलंय. एफई८० ने सुरू होणारा लांबलचक अॅड्रेस दिसला तरी तो बहुतेक राउटरच, फक्त आयपीव्ही६ वरून, म्हणजे अॅड्रेसच्या नव्या, लांब पद्धतीवरून. पण तुम्ही कधी न टाकलेला, ओळखीचा नसलेला बाहेरचा आकडा दिसला तर तो लिहून ठेवा, त्याच्याबद्दल खाली सांगतो.

त्याखाली "नॉन ऑथॉरिटेटिव्ह आन्सर" लिहून साइटचा आकडा येतो. ते शब्द वाचून काळजी करू नका, एवढाच अर्थ की उत्तर साइटच्या स्वतःच्या सर्व्हरने दिलेलं नाही, मधल्या कुणीतरी दिलंय, आणि घरी ते तसंच असतं.

उत्तर आलं नाही तर काय आलं ते महत्त्वाचं. "टाइम्ड आउट" म्हणजे ज्याला विचारलं तो बोललाच नाही. "नॉन एक्झिस्टंट डोमेन" म्हणजे तो म्हणतोय असं नावच नाही, मग आधी स्पेलिंग बघा. "सर्व्हर फेल्ड" म्हणजे त्याने प्रयत्न केला पण पुढे कुठेतरी अडकला, कधी साइटवाल्यांच्या डीएनएस सेटिंगमध्येच चूक असते. "क्वेरी रिफ्यूज्ड" म्हणजे तो तुम्हाला उत्तर द्यायला तयारच नाही.

आता तोच प्रश्न दुसऱ्याला विचारा. एनएसलुकअप, स्पेस, एक्झाम्पल डॉट कॉम, स्पेस, १.१.१.१. शेवटी आकडा दिला की कमांड राउटरला बाजूला ठेवून थेट त्या सर्व्हरला विचारते. आधीच्या वेळी टाइम्ड आउट आणि आता पटकन उत्तर, तर दोष राउटरमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हरमध्ये. दोन्हीकडे उत्तर येतंय पण ब्राउझर तरी अडतोय, तर दोष डिव्हाइसमध्ये. दोन्हीकडे टाइम्ड आउट आणि पिंग मात्र चालतंय, तर वाटेत कुणीतरी डीएनएसचे प्रश्न अडवतंय, फायरवॉल, अँटीव्हायरस, नाहीतर राउटरचं पॅरेंटल कंट्रोल. साधं डीएनएस पोर्ट ५३ वरून, म्हणजे त्या नंबरच्या दारातून चालतं आणि तेवढंच पोर्ट बंद करणं सोपं असतं.

इथे एक खास चाचणी सांगतो जी फार कमी लोक करतात. तोच प्रश्न १९२.०.२.१ ला विचारा. हा अॅड्रेस फक्त पुस्तकांत आणि कागदपत्रांत उदाहरण म्हणून वापरायला राखून ठेवलेला आहे, तिथे कुणी बसलेलंच नाही, त्यामुळे टाइम्ड आउट आलं पाहिजे. पण जर तिथून व्यवस्थित उत्तर आलं तर वाटेत कुणीतरी, राउटर किंवा कंपनी, तुमचे सगळे डीएनएस प्रश्न पकडून स्वतःच उत्तरं देतंय. अशा नेटवर्कवर तुम्ही ८.८.८.८ टाका नाहीतर १.१.१.१, उत्तर तिथूनच येणार, आणि "डीएनएस बदलूनही फरक पडला नाही" या तक्रारीमागे कधी कधी हेच असतं. मग सोपा उपाय म्हणजे एन्क्रिप्टेड डीएनएस, वाटेतल्या कुणाला वाचता येणार नाही असे प्रश्न पाठवणारं, जसं ब्राउझरमधलं सिक्युअर डीएनएस किंवा अँड्रॉइडचं प्रायव्हेट डीएनएस.

दोष डिव्हाइसमध्ये निघाला तर

सगळ्यात आधी कॅशे उडवा. विंडोजवर आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, आणि त्याला चिकटून फ्लशडीएनएस. मॅक सरळ रिस्टार्ट करा. लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस चालतं. फोनवर एअरप्लेन मोड चालू करून बंद करा, नाहीतर रिस्टार्ट.

मग ब्राउझर. क्रोमच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये, सिक्युरिटीच्या पानावर "यूज सिक्युअर डीएनएस" असतं, फायरफॉक्समध्येही तशीच सोय आहे. हे चालू असलं की ब्राउझर लॅपटॉपच्या सेटिंगला न जुमानता स्वतःचा डीएनएस वापरू शकतो, म्हणून कधी कधी क्रोममध्ये साइट उघडते आणि बाकी सगळी अॅप बंद, किंवा अगदी उलटं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच साइट उघडून बघितली की लगेच कळतं.

एनएसलुकअप बरोबर आकडा देतं पण पिंग त्याच नावाला भलताच आकडा दाखवतं, असं दिसलं तर हॉस्ट्स फाइल उघडा. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं, पिंग आणि ब्राउझर आधी हॉस्ट्स फाइल आणि कॅशे बघतात, म्हणून हा फरक पडतो आणि म्हणूनच दोन्ही कमांड चालवून बघायच्या. विंडोजवर ती फाइल सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, तिथे असते, मॅकवर आणि लिनक्सवर सरळ ईटीसीमध्ये. हॅशच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी नुसत्या टिपा असतात, त्या सोडा. त्याशिवाय तुमच्या अडकलेल्या साइटचं नाव एखाद्या ओळीत दिसलं तर सापडलं. जाहिराती अडवणारी किंवा जुनी काहीतरी सॉफ्टवेअर अशा ओळी घालून ठेवतात आणि काढून टाकलं तरी ओळी तशाच राहतात.

व्हीपीएनचंही, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. माझ्या मावसभावाच्या लॅपटॉपवर घरी एकही साइट उघडत नव्हती आणि त्याच वायफायवर बाकी सगळ्यांचं चालू होतं. आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश ऑल चालवल्यावर डीएनएस सर्व्हर्सच्या ओळीत १० ने सुरू होणारा एक आकडा होता, घरातलं नेटवर्क तर १९२.१६८ चं. तो ऑफिसच्या आतल्या सर्व्हरचा आकडा होता, व्हीपीएन मध्येच तुटलं आणि त्याने आपलं सेटिंग मागे ठेवलं. डीएनएस परत ऑटोमॅटिक केलं, झालं काम. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग तुमचं वायफाय, तिथे "डीएनएस सर्व्हर असाइनमेंट" असतं. आयफोनवर वायफायच्या नावापुढच्या गोलातल्या आय वर टॅप करून "कॉन्फिगर डीएनएस".

अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस आलंय, आणि "फक्त याच फोनवर नेट चालत नाही" या तक्रारीत मी पहिल्यांदा तेच बघतो. तिथे तीन पर्याय असतात: बंद, ऑटोमॅटिक आणि होस्टनेम टाकायचा. ऑटोमॅटिक समजूतदार आहे, एन्क्रिप्टेड जमलं नाही तर साधं वापरतो. होस्टनेम टाकलेलं असेल तर मात्र तो सर्व्हर मिळाला नाही की फोन दुसरीकडे जातच नाही, सगळं ठप्प, आणि हे सेटिंग मोबाइल डेटालाही लागू असतं, त्यामुळे दोन्हीकडे नेट मेलेलं दिसतं. जाहिराती बंद होतात म्हणून कुणीतरी सांगितलेलं नाव टाकलेलं असतं आणि ती सेवा बंद पडते, किंवा एक अक्षर चुकलेलं असतं. ऑटोमॅटिकवर टाका आणि बघा.

दोष राउटरमध्ये निघाला तर

रिस्टार्ट करा, पण नीट. प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, लावा, पूर्ण चालू होईपर्यंत वाट बघा आणि मग एनएसलुकअप परत चालवा. नुसत्या रिस्टार्टने सुटलं आणि वारंवार तेच व्हायला लागलं तर राउटरच्या फर्मवेअरचं, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट आहे का बघा, लहान राउटर डीएनएसचे प्रश्न पुढे ढकलता ढकलता अडकतात हे नेहमीचं आहे.

मग ब्राउझरमध्ये राउटरचा आकडा टाकून आत जा. डीएनएस दोन ठिकाणी असू शकतं आणि इथेच लोकांची फसगत होते. एक वॅन किंवा इंटरनेटच्या पानावर, ते राउटर स्वतः कुणाला विचारतो त्यासाठी. दुसरं लॅन किंवा डीएचसीपीच्या (घरातल्या डिव्हाइसना अॅड्रेस वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर, ते घरातल्या डिव्हाइसना कोणता डीएनएस वाटायचा त्यासाठी. काहीही बदलण्याआधी दोन्ही पानांचा फोटो काढून ठेवा. आणि डीएचसीपीचं बदललं तर डिव्हाइसना ते लगेच कळत नाही, वायफाय तोडून जोडावं लागतं.

तिथे अनोळखी आकडा असेल, तुम्हीही टाकला नाही आणि कंपनीचाही नाही, तर हलक्यात घेऊ नका. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने जगभरात सुमारे ४० लाख कॉम्प्युटरचं डीएनएस बदलून टाकलं होतं, नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ती टोळी पकडली. त्यांचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो लोकांचं नेट बसलं असतं, म्हणून त्या जागी तात्पुरते चांगले सर्व्हर चालवले आणि ९ जुलै २०१२ ला बंद केले. ज्याच्या हातात तुमचं डीएनएस तो तुम्हाला बँकेच्या नावावर भलत्याच सर्व्हरकडे पाठवू शकतो. असं काही दिसलं तर राउटर फॅक्टरी रिसेट करा, अॅडमिनचा पासवर्ड नवा ठेवा, बाहेरून राउटरमध्ये शिरता येईल असं रिमोट मॅनेजमेंट बंद करा आणि लॅपटॉप स्कॅन करा. फक्त रिसेट करण्याआधी कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड लागतो का ते कंपनीला विचारून घ्या, नाहीतर नेटच परत जोडता येणार नाही.

घरात दोन राउटर असतील तर दोघांचंही डीएचसीपी चालू नाही ना ते बघा. कधी एकाकडून अॅड्रेस मिळतो कधी दुसऱ्याकडून, आणि मग त्रास कधी असतो कधी नसतो. दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, अॅड्रेस वाटणार नाही.

दोष कंपनीच्या सर्व्हरमध्ये असेल तर

राउटरचं सगळं बघून झालं आणि तरी १.१.१.१ लाच उत्तर येतंय, तर दोष बहुतेक इथे. आता खुशाल डीएनएस बदला, आणि प्रत्येक डिव्हाइसवर न बदलता राउटरच्या वॅनच्या पानावर एकदाच बदला. गुगलचे ८.८.८.८ आणि ८.८.४.४ आहेत, २००९ पासून. क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ आणि १.०.०.१, २०१८ पासून. क्वाड९ चा ९.९.९.९, तो धोकादायक म्हणून नोंद असलेल्या साइटची नावं अडवतो, घरात मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर मी तोच सुचवतो.

दुसरा डीएनएस म्हणजे पहिला पडला तरच वापरायचा, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नेहमीच नसतं, काही डिव्हाइस आणि राउटर दोघांनाही आलटून पालटून विचारतात. म्हणून पहिल्या जागी फिल्टर करणारा आणि दुसऱ्या जागी साधा ठेवला तर फिल्टरला भोकं पडतात. जोडी एकाच सेवेची ठेवा.

बदलल्यावरही काही डिव्हाइस जुन्याच सर्व्हरला विचारत असतील तर आयपीव्ही६ बघा. राउटरमध्ये त्याचं डीएनएस वेगळ्या पानावर असतं, आणि तुम्ही फक्त ८.८.८.८ सारखे जुन्या पद्धतीचे अॅड्रेस बदललेले असतात. एनएसलुकअपच्या वरच्या ओळीत ते लगेच दिसतं.

आणि लॅपटॉपवरच थेट बाहेरचा डीएनएस टाकला तर घरातल्या घरातली नावं, म्हणजे राउटरने प्रिंटरला किंवा स्टोरेजच्या डब्याला दिलेलं नाव, सापडेनाशी होऊ शकतात, कारण ती फक्त राउटरलाच माहीत असतात. प्रिंटर अचानक दिसेनासा झाला तर आधी हे आठवा.

कंपनीला फोन करायची वेळ आली तर "नेट स्लो आहे" म्हणू नका, ते तुम्हाला राउटर रिस्टार्ट करायला सांगून फोन ठेवतील. आकड्याला पिंग जातंय, तुमच्या डीएनएस सर्व्हरला विचारलं की टाइम्ड आउट येतं, १.१.१.१ ला विचारलं की लगेच उत्तर येतं, आणि हे दोन वेगवेगळ्या डिव्हाइसवर बघितलंय, असं सांगा, वेळ सांगा, एनएसलुकअपच्या खिडकीचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा. आणि तक्रार पुढच्या टीमकडे पाठवायला सांगून तिचा नंबर मागून घ्या.